कोल्ह्याविरुद्ध अकरा पानं

वाईट काय होऊ शकेल याचा आधी विचार करायचा, हे माझं काम. गॅसच्या प्लांटवर मी सेफ्टी इंजिनिअर आहे. शिडी कुठे सरकेल, व्हॉल्व्ह कोण उघडा ठेवेल, उन्हात कोण चक्कर येऊन पडेल, हे मला इतरांच्या आधी दिसतं. निदान पगार तरी त्याचाच मिळतो. बावीस वर्षं मी कतारमध्ये भल्या सकाळी लोकांना ओळीत उभं करून भाषणं देतो आहे. घरात माझं भाषण कोणी ऐकत नाही. बायको म्हणते, "अहो, चहा घ्या. तो फुंकून प्यायचा असतो एवढं आम्हाला ठाऊक आहे."

अशा माणसाकडे एक मांजर सांभाळायला दिली तर काय होतं, त्याची ही हकिगत.

मांजर लेकीची. तिचं नाव लेकीने कुठल्याशा इटालियन गोड पदार्थावरून ठेवलं होतं. मला ते आजही धड म्हणता येत नाही, म्हणून मी तिला 'ए' म्हणतो. आणि ती ओ देत नाही. लेक बारावीपर्यंत इथेच शिकली. मराठी तिला सगळी कळते, पण उत्तर इंग्रजीतून येतं. फार रागावली किंवा फार लाडात आली तरच तोंडातून मराठी निघते, आणि माझ्या वाट्याला बहुतेक पहिल्या प्रकारची येते.

दोन वर्षांपूर्वी ती आर्किटेक्चर शिकायला पुण्याला निघाली. अल खोरच्या आमच्या कंपाऊंडपासून, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतीपासून, विमानतळापर्यंत ती मागच्या सीटवर बसून फोनमधले मांजरीचे फोटो बघत होती. निरोप घेताना आईच्या गळ्यात पडून खूप रडली. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता आपली पाळी. मी हात पुढे केले. ती म्हणाली, "बाबा, संध्याकाळची मगरिबची बांग झाली की तिला बाहेर सोडायचं नाही. प्रॉमिस मी."

"तिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही," मी म्हणालो. हात तसेच पुढे होते. ते मी हळूच बॅगेच्या ट्रॉलीवर ठेवले.

रोज संध्याकाळी साडेपाचला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तेव्हा पुण्यात आठ वाजलेले असत आणि तिचं होस्टेलवरचं जेवण झालेलं असे. बायको त्या वेळी आतल्या खोलीत शेजारच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते, आईशी ती रात्री निवांत बोलायची. साडेपाचचा फोन मांजरीचा होता, आणि मी तो धरणारा. कंपनीची बस मला साडेचारला सोडायची. मी हातपाय धुऊन मांजर शोधून ठेवायचो, कारण ती नेमकी सव्वापाचला गायब व्हायची. मग फोन तिच्या तोंडासमोर धरून बसायचो. लेक म्हणायची, "बाबा, कॅमेरा खाली. आणखी खाली. युवर थंब इज इन द वे." मांजरीशी ती दहा मिनिटं बोलायची आणि मी फोनच्या कडेवरून तिचा चेहरा बघून घ्यायचो. केस कापलेत, डोळ्यांखाली काळं झालंय, आज हसतेय, हे मला तेवढ्यात कळायचं. तिला माझा अंगठा दिसायचा.

मला या व्यवस्थेबद्दल तक्रार नव्हती. लहानपणी तिला माझी भाषणं फार ऐकावी लागली होती. सायकल, पोहण्याचा तलाव, विजेचं बटण, सगळ्यांवर. त्यामुळे आमच्यात गप्पा म्हणून काही उरल्या नव्हत्या. मांजर होती म्हणून फोन येत होता, हे मला स्वच्छ कळत होतं. मांजर गेली तर फोनही जाईल, याची मला भीती वाटायची. प्लांटवरच्या कुठल्याही स्फोटाची वाटत नाही इतकी.

त्या हिवाळ्यात आमच्या कंपाऊंडमध्ये कोल्हा आला.

पहाटे गेटपाशी आम्ही बसची वाट बघत उभे होतो. कचऱ्याच्या मोठ्या पेटीमागून तो निघाला. आपल्याकडच्या खोकडासारखा बारका, वाळूच्या रंगाचा, कान मात्र चेहऱ्याच्या मानाने भलतेच मोठे. त्याने आमच्याकडे बघितलं आणि सावकाश रस्ता ओलांडला. सावध राहण्याचा पगार घेणारा मी तोवर हेल्मेटची पिशवी छातीशी धरून बाकावर चढलो होतो.

"साहेब, खाली उतरा," शेजारी उभे असलेले चाचा म्हणाले. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, आमच्याच रांगेत शेवटच्या घरात राहतात. प्लांटच्या स्टोअरमध्ये जन्म गेला त्यांचा. ते मला साहेब म्हणतात, आणि त्या 'साहेब'मध्ये आदर किती आणि चेष्टा किती हे मला अजून उलगडलेलं नाही. "कोल्हा हाय तो. आमच्या गावात कोंबड्या न्यायचा. हितं बिचाऱ्याला कोंबड्या कुठल्या? उंदरांवर जगतो तो."

"इथे उंदीर कुठे आहेत?" मी बाकावरूनच विचारलं.

"तेच तर सांगतोय," चाचा म्हणाले.

यात सगळं आलं होतं. पण मी इंजिनिअर, मला ते ऐकू आलं नाही.

दुपारपर्यंत कंपाऊंडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो कोल्हा लांडगा झाला होता. कोणी लिहिलं, तो लहान मुलांना ओढून नेतो. कोणी कुठल्यातरी बिबट्याचा फोटो टाकला. एका बाईंची मांजर दोन दिवस घरी आली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्यांच्या घरी कोळंबी खाताना सापडली, पण ती बातमी ग्रुपवर कोणी टाकली नाही. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र. साडेपाच वाजलेत, फोन वाजतोय, आणि कॅमेरा खाली करून दाखवायला काही नाही.

मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमध्ये बसलो आणि कोल्ह्याचं रिस्क असेसमेंट केलं.

हे मी गमतीने सांगत नाही. प्लांटवर कुठलंही काम करायचं तर आम्ही एक फॉर्म भरतो. धोका काय, तो घडण्याची शक्यता पाचपैकी किती, घडलाच तर नुकसान पाचपैकी किती, दोन्हींचा गुणाकार. मी शक्यता चार धरली, नुकसान पाच. वीस आले. वीस म्हणजे लाल रंग, काम ताबडतोब थांबवायचं. मग उपाय. पहिला उपाय नेहमी धोका मुळातून काढून टाकणं. ते नाही जमलं तर बाकीचे, आणि अगदी शेवटी संरक्षक पोशाख.

पहिल्याला वेळ लागणार होता, म्हणून मी शेवटापासून सुरुवात केली. साइटवरच्या जुन्या नारिंगी जॅकेटची बाही कापून मांजरीसाठी बंडी शिवली. तिच्यावर चमकणारे चंदेरी पट्टेही आले. ती घालताना माझ्या दोन्ही हातांवर ओरखडे उठले. मी हातमोजे घातले नव्हते, त्याचीही नोंद व्हायला हवी.

बायको दारात उभी राहून बघत होती. "मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा उंदरांचा प्रश्न होता," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्याकडून आहात का?"

साडेपाचला लेकीने ते बघितलं आणि इतकी हसली की फोन तिच्या हातून पडला. "बाबा! नाऊ द फॉक्स कॅन सी हर फ्रॉम सौदी!" तिने मैत्रिणींना बोलावून आणलं. सात-आठ पोरी पडद्यात डोकं घालून माझ्या शिवणकामावर हसत होत्या. मला राग यायला हवा होता. पण तिला एवढं हसताना मी फार दिवसांनी बघत होतो. मांजर मात्र कपाटाखाली शिरली आणि बंडी काढेपर्यंत बाहेर आली नाही.

मग मी कंपाऊंडच्या मॅनेजरला अर्ज केला. अकरा पानांचा, सोबत नकाशा, फोटो आणि तो लाल वीस. चाचांना अभिमानाने दाखवला. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं. बाकीची दहा हातात तोलून परत दिली.

"साहेब, त्याला घालवलात तर उंदीर कोन खानार? तुमी?"

मी त्यांना समजावून सांगितलं की ही शास्त्रीय पद्धत आहे. ते म्हणाले, "मग खलास," आणि बसमध्ये खिडकीला डोकं लावून झोपले.

अकरा पानं बघून मॅनेजर घाबरला असावा. आठवड्याभरात माणसं जाळीचा पिंजरा घेऊन आली, त्यात कोंबडीचे तुकडे टाकले आणि दोन दिवसांत कोल्हा सापडला. कागदावर सही करायला मला बोलावलं. पिंजऱ्यात तो अगदीच लहान वाटत होता. आमच्या मांजरीहून थोडा मोठा, इतकंच. कोपऱ्यात अंग चोरून बसला होता आणि ते मोठाले कान मागे पडले होते. मला लाज वाटली. खरंच वाटली. पण पेन हातात होतं, चार माणसं बघत होती, मी सही केली. त्याला लांब वाळवंटात सोडणार असं सांगितलं. ग्रुपवर माझ्या नावाने टाळ्या पडल्या. मी मांजरीला मागच्या अंगणात मोकळं सोडलं आणि लेकीला कळवलं, "एरिया सेफ."

मार्च लागला आणि उंदीर दिसू लागले.

आधी कचऱ्याच्या पेटीपाशी, मग भिंतीवर, मग एसीच्या पाइपावर. मग एका सकाळी माझी गाडी सुरूच होईना. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, कुरतडलेल्या वायरींचा गुंता बाहेर काढला आणि म्हणाला, "सर, ये तो चूहे का घर है." एवढ्या घरांमधून त्यांनी माझी गाडी निवडली. आमची मांजर दोन दिवस फ्रिजवर बसून होती. उंदीर पकडायचे असतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, ती डब्यातलं खाऊन मोठी झालेली. बायको जेवण वाढताना पुटपुटली, "हात दाखवून अवलक्षण."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी दुसरा अर्ज केला.

या वेळी विषाचे डबे मागितले. काळ्या रंगाचे, भिंतीच्या कडेने ठेवतात, आत निळ्या वड्या असतात. डब्याचं तोंड उंदरापुरतंच असतं, मांजर आत जाऊ शकत नाही. हे मी टेप लावून मोजलं होतं. आमच्या फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना असतो. 'या उपायामुळे नवा धोका निर्माण होतो का?' हा रकाना मी बावीस वर्षं लोकांच्या डोक्यात हातोड्याने ठोकतो आहे. कोणी तो रिकामा सोडला तर फॉर्म तोंडावर फेकतो. मी तिथे लिहिलं, 'नाही.'

मांजर डब्यात जाऊ शकत नव्हती. उंदीर मात्र डब्यातून बाहेर येऊ शकत होता.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी मांजर अंगणातून तोंडात उंदीर घेऊन आली. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारली. तो उंदीर धड पळतही नव्हता, गुंगीत असल्यासारखा होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला पकडता येईल असा उंदीर भेटला होता. मी म्हणालो, "शाब्बास!" तिचा फोटो काढला आणि लेकीला पाठवला. खाली लिहिलं, 'शेवटी तुझ्या मांजरीने नोकरी धरली.' लेकीने तीन टाळ्या पाठवल्या. मांजर माझ्यासमोर बसून तो उंदीर शेपटीपर्यंत खात होती, आणि मी कौतुकाने बघत होतो.

सोमवारी सव्वापाचला ती गायब झाली नाही. वॉशिंग मशीनच्या मागे तशीच पडून होती. हाक मारली तर नुसते डोळे उघडले. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. नाकातून रक्ताचा बारीक ओघळ. मी तिला टॉवेलात गुंडाळलं, बायकोने शिकवणी सोडली, आणि आम्ही अल दुहैलच्या जनावरांच्या डॉक्टरकडे निघालो. मी बावीस वर्षांत पहिल्यांदा वेगाची मर्यादा मोडली.

साडेपाचला गाडीतच फोन वाजला. पडद्यावर लेकीचा चेहरा. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "उचलू नकोस." तिने फोन मांडीवर पालथा ठेवला. तो वाजून वाजून थांबला.

डॉक्टर इजिप्तचे होते. तपासून म्हणाले, उंदराचं विष, रक्त गोठत नाही. विषाने मेलेला किंवा मरायला टेकलेला उंदीर खाल्ला असणार. मग विचारलं, विष कोणी ठेवलं? मी म्हणालो, "कंपाऊंडमध्ये विष ठेवण्यात आलं होतं." आमच्या सगळ्या रिपोर्टांची भाषा अशीच असते, कोणी काहीच केलेलं नसतं, सगळं करण्यात येतं. बायको इंग्रजीत म्हणाली, "यांनी ठेवलं." डॉक्टरांनी मान हलवली आणि इंजेक्शन भरायला घेतलं. जगेल का, मी विचारलं. ते म्हणाले, "इन्शाल्ला. दोन-तीन दिवस इथे ठेवावी लागेल."

मी लेकीला मेसेज केला, 'नेटवर्क नव्हतं.' दुसऱ्या दिवशी साडेपाचला फोन आला तेव्हा मी सांगितलं की कॅमेरा बिघडलाय, नुसतं बोलू या.

"ओके," ती म्हणाली. "शी इज फाइन?"

"झोपलीये."

तिच्याकडे पंख्याचा आवाज येत होता. मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली हो. मी म्हणालो इथे उकडायला लागलं. ती म्हणाली इथेही. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघत जा, असं काहीतरी मी बोललो. तिने बाय म्हटलं. जेमतेम मिनिटभर झालं होतं. मी फोन हातात धरून बसलो. मला ज्याची भीती होती ते हेच, आणि ते इतक्या साध्या तऱ्हेने होईल असं वाटलं नव्हतं.

तिसरा दिवसही तसाच गेला, फक्त उकाड्याचा विषय संपला होता.

गुरुवारी मांजर घरी आली. पुढच्या पायावरचे केस भादरलेले, चालताना झोकांड्या, आणि महिनाभर रोज एक गोळी. गेटपाशी चाचा भेटले. त्यांनी टॉवेलात डोकावून बघितलं, तिच्या कपाळावरून बोट फिरवलं. मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलतील. ते एवढंच म्हणाले, "जगली ना? मग झालं. आता अर्ज कोनाविरुद्ध करताव?"

त्याचं उत्तर मी त्याच दुपारी लिहिलं. मला दुसरं काही लिहिता येत नाही, म्हणून आमच्या अपघाताच्या फॉर्मवरच लिहिलं. मॅनेजरला एक प्रत, विषाचे डबे उचलायची विनंती करून. दुसरी प्रत समोर ठेवून साडेपाचची वाट बघत बसलो. मांजर मांडीवर होती. तिच्यात पळून जायचं बळ नव्हतं.

फोन आला. मी कॅमेरा खाली केला. लेक आनंदाने ओरडली, मग तिला भादरलेला पाय दिसला. "व्हॉट हॅपन्ड टू हर?"

"थांब, वाचून दाखवतो," मी म्हणालो, आणि वाचायला लागलो. घटना, मांजरीला विषबाधा. तात्कालिक कारण, विष खाल्लेला उंदीर. त्यामागचं कारण, विषाचे डबे. त्यामागचं, उंदीर वाढले. त्यामागचं, कोल्हा घालवला. मूळ कारण, वडील. घटनेनंतर माहिती लपवली का, होय, तीन दिवस. कॅमेरा बिघडला होता का, नाही. अशी घटना पुन्हा होऊ नये म्हणून उपाय... तिथे मी काही लिहिलेलं नव्हतं. रकाना रिकामा होता. मी म्हणालो, "तुला प्रॉमिस केलं होतं. मला नाही पाळता आलं."

मला वाटलं, आता फोन बंद होईल, आणि उद्या येणार नाही.

"यू रोट अ रिपोर्ट," ती म्हणाली. आवाज भिजला होता. ती हसत होती की रडत होती ते फोनच्या कडेवरून मला नीट कळेना. मग नाक ओढलं. "बाबा, कॅमेरा वर घे."

"ती खाली आहे, मांडीवर."

"तिला नको. तुला बघायचंय. वर घे."

मी फोन वर केला. पडद्याच्या कोपऱ्यात माझाच चेहरा आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. तीन रात्री झोप नव्हती. तिने बराच वेळ बघितलं. पुण्याला गेल्यापासून ती माझ्याशी जे काही बोलली होती ते जवळजवळ सगळं मांजरीवरून होतं, तेही बहुतेक इंग्रजीत. आता ती मराठीतच म्हणाली, "आणि तू रे? तू कसा आहेस?"

बावीस वर्षं माईकवर भाषणं देणाऱ्या माणसाने घाईघाईने फोन मांजरीकडे वळवला.

"बाबा," फोनमधून आवाज आला, "कॅमेरा वर."